दोन पट्ट्या, एक शेत

वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात 'शेत किती?' असे विचारले, तर उत्तर एकर आणि गुंठ्यांत मिळते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मात्र तेच शेत हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. घरात एक माप आणि कागदावर दुसरे, हे आता कोणाला खटकतही नाही. पीककर्ज असो की पीकविमा, हिशेब हेक्टरी होतो. अर्ज भरणारा शेतकरी मनात गुंठ्यांचे आर करतो किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला करायला सांगतो. मग वर्गातल्या मुलांनी संगणकावर यासाठी एक छोटे साधन का करू नये? पडद्यावर दोन चौकटी, एक गुंठ्यांची आणि एक आरची. एकीत आकडा लिहिला की दुसरीत आपोआप उत्तर यावे, आणि उलटही व्हावे. एवढेच.

'एवढेच' म्हणून हाती घेतलेले हे काम किती खोल जाते, ते या लेखात पाहू. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

प्रथम मापे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर. हा ३३ फुटांचा आकडा आला कुठून? इंग्रजी मोजणीची जुनी साखळी ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांची असे. क्रिकेटच्या खेळपट्टीत दोन्हीकडच्या यष्टींमधले अंतर तेवढेच असते. तेव्हा अर्ध्या खेळपट्टीचा चौरस काढला की एक गुंठा झाला. (मैदानावर दोरीने तो आखून दाखवावा. क्षेत्रफळाची जी जाण मुलांना त्यातून येते, ती फळ्यावर येत नाही.) मेट्रिक मापात एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, तर एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. म्हणून

१ गुंठा = १.०११७ आर.

दोन्ही मापे जवळजवळ सारखी आहेत, पण अगदी सारखी नाहीत. पुढचा सगळा घोळ या 'जवळजवळ'मधून निघतो.

आता चौकटींकडे वळू. पडद्यावरच्या चौकटी, बटणे, मागेपुढे सरकणाऱ्या पट्ट्या यांना मिळून नियंत्रक म्हणतात. पूर्वी असा पडदा तयार करायला पानेच्या पाने आज्ञा लिहाव्या लागत. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले आणि चित्र बदलले. चौकट माऊसने उचलून पडद्यावर ठेवायची आणि तिच्याबाबतीत काही घडले तर काय करायचे, तेवढेच लिहायचे. 'काही घडले' याला तिथे घटना म्हणतात. बटण दाबले ही एक घटना, चौकटीतला मजकूर बदलला ही दुसरी. आज्ञावली वरून खाली सरळ धावत नाही, घटनेची वाट पाहत बसते. मूळ व्हिज्युअल बेसिक आता मागे पडले आहे, पण ही पद्धत आजच्या मोबाईलच्या पडद्यापर्यंत पोचली आहे.

मग आपल्या साधनाला दोनच नियम पुरतील असे वाटते. पहिला नियम: गुंठ्यांची चौकट बदलली की तिच्यातल्या आकड्याला १.०११७ ने गुणा आणि आरच्या चौकटीत लिहा. दुसरा नियम: आरची चौकट बदलली की १.०११७ ने भागा आणि गुंठ्यांच्या चौकटीत लिहा. दोन्ही नियम बरोबर आहेत. प्रत्येक नियम एकेकटा तपासला तर चोख उत्तर देतो.

दोन्ही एकदम लावले की काय होते? शेतकऱ्याने गुंठ्यांत ४० लिहिले. पहिल्या नियमाने आरची चौकट बदलली. पण चौकट बदलली ही घटना आहे. ती माणसाने बदलली की आज्ञावलीने, हे संगणक विचारत नाही. त्यामुळे दुसरा नियम जागा झाला आणि त्याने गुंठ्यांची चौकट पुन्हा लिहिली. म्हणून पहिला नियम जागा झाला. दोन शेजाऱ्यांनी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारातच उभे राहावे, तसा हा प्रकार. प्रत्येक फेरीत संगणक 'इथवर आलो होतो' अशी एक नोंद स्मृतीत रचत जातो. त्या नोंदींची चळत भरली की आज्ञावली कोसळते. व्हिज्युअल बेसिकबरोबर येणाऱ्या मदतीच्या मजकुरातच, एकमेकांना बदलणाऱ्या दोन चौकटी करू नका, असा इशारा दिलेला असे. इतकी ही चूक सार्वत्रिक होती.

यावर पहिला उपाय सहज सुचतो: नवा आकडा जुन्याइतकाच असेल तर काही करू नका. म्हणजे ४० गुंठ्यांचे आर झाले, आरचे पुन्हा ४० गुंठे झाले, काही बदलले नाही, फेरा संपला. उपाय चांगला आहे, पण तो एका गोष्टीवर अवलंबून आहे. जाऊन परत आलेला आकडा तोच असला पाहिजे. तो तोच असतो का?

समजा, सोयीसाठी आपण पूर्ण आकडेच दाखवायचे ठरवले आणि अपूर्णांक नुसता छाटून टाकला. ४० गुंठ्यांचे ४०.४७ आर, छाटून ४० आर. त्या ४० आरचे गुंठे ३९.५४, छाटून ३९. आकडा बदलला! मग पुन्हा पहिला नियम: ३९ गुंठ्यांचे ३९.४६ आर, छाटून ३९. त्याचे गुंठे ३८.५५, छाटून ३८. वाचकांनी पाटी घेऊन पुढच्या चार पायऱ्या करून पाहाव्यात. प्रत्येक फेरीत शेत एका गुंठ्याने आखडते. चाळीस फेऱ्यांनी दोन्ही चौकटींत शून्य येते आणि शून्याचे शून्यच होत असल्याने फेरा तिथे शांतपणे थांबतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. शेतकऱ्याला दिसते ते एवढेच की आपण एक एकर लिहिले आणि पडद्यावर काहीच उरले नाही. आधीची आज्ञावली निदान कोसळली तरी होती. ही कोसळतही नाही, खोटे उत्तर देऊन स्वस्थ बसते. आमच्या मते दुसरा प्रकार कितीतरी वाईट.

छाटण्याऐवजी जवळच्या पूर्णांकापर्यंत नेले तर? ४०.४७ चे ४०, ४० आरचे ३९.५४ म्हणजे ४०. जमले! गुंठ्यांपासून सुरुवात केली तर हे नेहमीच जमते, आणि त्याचे कारण मुलांना शोधता येईल. आरचा आकडा पूर्णांक करताना जास्तीत जास्त अर्ध्या आरची चूक होते. तिचे गुंठे केले की ती अर्ध्या गुंठ्याहून किंचित कमी भरते. म्हणून परतताना आपण मूळ आकड्यावरच उतरतो.

उलट दिशेने मात्र हा युक्तिवाद तुटतो. आरपासून निघालो तर गुंठ्यांत झालेली अर्ध्या गुंठ्याची चूक आरमध्ये अर्ध्याहून किंचित जास्त होते. हा 'किंचित' कुठेतरी बाधणारच. मानोरा तालुक्यातल्या एका शाळेत हा प्रयोग चालू असताना आठवीतल्या एका मुलीने तो पकडला. ती आरचा आकडा एकेकाने वाढवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "सर, हे ४३ वर थांबूनच नाही राह्यलं." खरेच होते. ४३ आरचे गुंठे ४२.५०२, म्हणजे पूर्णांकात ४३. त्या ४३ गुंठ्यांचे आर ४३.५०४, म्हणजे पूर्णांकात ४४. ४३ लिहिले की पडद्यावर ४४ उमटत होते. ४२ चालत होते, ४४ चालत होते, ४३ मात्र नाही.

हा योगायोग नव्हे. ० ते ८६ गुंठे हे ८७ आकडे आहेत. ८६ गुंठे म्हणजे ८७ आर, पण ० ते ८७ आर हे ८८ आकडे होतात. ८७ खोप्यांत ८८ कबुतरे बसवायची तर एका खोप्यात दोन बसणारच, आणि परत बाहेर काढताना त्या खोप्यातून एकच आकडा निघणार. दुसऱ्याला कायमचे बाहेर राहावे लागते. गणितात याला कबुतरखान्याचे तत्त्व म्हणतात. आरचा कोणता तरी एक आकडा हरवणार हे कागद-पेन्सिल न घेताही सांगता येते. तो ४३ आहे, हे गुणाकार करून कळते.

म्हणजे प्रश्न नुसता फेऱ्याचा नाही. एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत, ती एकमेकांत तंतोतंत बदलता येत नाहीत, आणि तरीही दोन्ही टोकांना माणसाला हात घालू द्यायचा आहे. यात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: या क्षणी बोलायचा हक्क कोणाचा, आणि खरा आकडा राहतो कुठे.

पहिली गोष्ट रेल्वेने संगणकाच्या कितीतरी आधी सोडवली होती. वाशीम स्टेशन अकोला–पूर्णा मार्गावर आहे. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. एकेरी रुळावर दोन स्टेशनांमधून दोन्ही दिशांनी गाड्या जातात, आणि दोन्ही स्टेशनमास्तरांना गाडी सोडण्याचा अधिकार असतो. दोघांनी एकाच वेळी तो वापरला तर अनर्थ. त्यासाठी आपल्याकडच्या अनेक एकेरी मार्गांवर नील यांचे बॉल टोकन यंत्र वापरले जाई. दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, तारेने जोडलेली, आणि प्रत्येकात धातूचे गोळे. पलीकडच्या मास्तरने संमती दिली तरच अलीकडच्या यंत्रातून गोळा निघे. तो घेतल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. एक गोळा बाहेर असला की दोन्हीपैकी कोणतेच यंत्र दुसरा गोळा देत नसे. पुढच्या स्टेशनावर तो यंत्रात पडला की दोन्ही यंत्रे पुन्हा मोकळी होत. वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा सावकाश चालत्या गाडीतून देता-घेताना ज्येष्ठ वाचकांनी पाहिला असेल.

आपल्या चौकटींनाही असाच एक गोळा देता येतो. आज्ञावलीत एक चल ठेवायचा, त्याला 'काम चालू' म्हणू. माणसाने गुंठे बदलले की पहिला नियम आधी पाहतो: काम चालू आहे का? नसेल तर 'हो' असे लिहून आरची चौकट बदलतो. त्यामुळे दुसरा नियम जागा होतो, पण त्यालाही तीच अट आहे. काम चालू असल्याचे पाहून तो काही न करता परत झोपतो. शेवटी पहिला नियम 'काम चालू'समोर 'नाही' लिहितो. फेरा सुरूच होत नाही. आता आरमध्ये ४३ लिहिले तर गुंठ्यांत ४३ येतात आणि आर ४३ च राहतात. आज्ञावल्या लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

एक धोका रेल्वेतला आणि इथला सारखाच आहे. मध्येच काही बिघडले आणि 'नाही' लिहायचे राहून गेले, तर दोन्ही चौकटी मुक्या होतात. वाटेत गोळा हरवला की तो मार्ग अडतो, तसेच.

आणि दुसरी गोष्ट अजून सुटलेलीच नाही. पडद्यावर ४३ आर आणि ४३ गुंठे असे दोन आकडे दिसत आहेत. आता कोणी 'साठवा' हे बटण दाबले आणि त्या बटणाच्या आज्ञेने गुंठ्यांची चौकट वाचून ठेवली. उद्या तीच नोंद उघडली की ४३ गुंठ्यांवरून आर काढले जातील आणि ४४ येतील. म्हणजे रात्रीत शेत एका आराने वाढले. विमा हेक्टरी असेल तर रक्कमही बदलेल. चूक गणिताची नाही. शेताचे क्षेत्र नेमके कुठे लिहून ठेवले आहे, हे कोणी ठरवलेच नव्हते. दोन्ही चौकटी आपापल्या परीने मालक होत्या.

उपाय असा की मालकी दोघींकडूनही काढून घ्यायची. तिसरा चल करायचा, 'क्षेत्र', चौरस मीटरमध्ये. तो पडद्यावर दिसत नाही, पण खरा आकडा तोच. गुंठ्यांची चौकट आणि आरची चौकट या त्याच्याकडे पाहणाऱ्या दोन खिडक्या. माणसाने एखाद्या खिडकीत काही लिहिले की तो आकडा आधी क्षेत्रात जातो, आणि क्षेत्रातून बाकीच्या खिडक्यांत उतरतो. एक खिडकी दुसरीशी कधीच थेट बोलत नाही. साठवायचे ते क्षेत्र. ४३ आर लिहिले तर क्षेत्र ४३०० चौरस मीटर झाले, गुंठ्यांत गोळाबेरीज ४३ दिसले, आणि उद्या उघडल्यावरही ४३०० च असणार. उद्या एखाद्याने मुद्दाम गुंठे ४४ करून परत ४३ केले, तर क्षेत्र ४३५० होईल आणि आर ४४ दिसतील. हे मात्र योग्यच आहे, कारण आता माणसाने ४३ गुंठे असे स्वतः सांगितले आहे.

ही कल्पना आमची नव्हे. ट्रिग्वे रीन्स्काउग या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञाने १९७९ मध्ये, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, माहिती, तिचे दर्शन आणि तिचे नियंत्रण यांची अशी फारकत मांडली. त्याच वर्षी ॲलन बोर्निंग यांनी पीएच.डी.च्या कामात थिंगलॅब ही प्रणाली मांडली. तीत सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे दोन तापमापक एकमेकांना बांधलेले दाखवता येत. कोणताही एक हलवा, दुसरा त्याच्या मागे. तोच आपला प्रश्न, फक्त गुंठ्यांऐवजी अंशांचा.

वर्गात हे करून पाहायला स्क्रॅच उत्तम. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी खुली केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि इंटरनेटशिवायही चालते. तीत आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. 'गुंठे' आणि 'आर' असे दोन चल करावेत. पडद्यावर त्यांच्या ज्या पाट्या दिसतात, त्या सरकपट्टीच्या रूपात बदलता येतात. पट्टी ० ते १०० अशी असते, ती आपल्याला पुरे.

स्क्रॅचमध्ये 'चल बदलला' अशी घटना नाही. त्यामुळे मुले सहसा दोन ठोकळ्यांच्या माळा करतात: एक सतत गुंठ्यांवरून आर काढत राहते, दुसरी सतत आरवरून गुंठे. (दोन्हीत पूर्णांक करणारा ठोकळा घालावा.) हिरवा झेंडा दाबला की फेरा फुटून यंत्र कोसळत नाही, पण वेगळीच गंमत दिसते. एक पट्टी आज्ञाधारकपणे चालते, दुसरी कितीही ओढली तरी झटक्यात जागेवर परत जाते. कारण दोन्ही माळा आळीपाळीने चालतात आणि जी आधी चालते तिचेच राज्य. गुंठ्यांवरून आर काढणारी माळ आधी आली, तर तुम्ही आरची पट्टी हलवल्याबरोबर ती जुन्या गुंठ्यांवरून तुमचा आकडा पुसते. क्रम उलटा असेल तर गुंठ्यांची पट्टी हट्टी होते, आणि आरची पट्टी ४३ वरून निसटते. कोणती पट्टी का हट्टी झाली, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

सुधारलेल्या रूपात एकच माळ लागते. तिला 'आधीचे गुंठे' आणि 'आधीचे आर' असे दोन चल जोडीला द्यावेत, म्हणजे माणसाने काय हलवले ते कळेल. सतत चालणाऱ्या फेऱ्यात असे पाहायचे: गुंठे आधीच्यापेक्षा वेगळे असतील तर क्षेत्र = गुंठे × १०१.१७ करा आणि त्यावरून आर काढा. तसे नसेल, पण आर आधीच्यापेक्षा वेगळे असतील, तर क्षेत्र = आर × १०० करा आणि त्यावरून गुंठे काढा. दोन्ही बाबतींत शेवटी आताचे आकडे 'आधीचे' म्हणून लिहून ठेवा. ही शेवटची पायरी विसरली तर आपणच बदललेला आकडा पुढच्या फेरीत माणसाने बदललेला वाटतो, आणि ४३ पुन्हा हरवतो.

पट्ट्यांऐवजी लिहायच्या चौकटी असतील तर आणखी एक पथ्य: माणूस ज्या चौकटीत लिहीत आहे, तिला हात लावायचा नाही. '१२.५' लिहायचे असताना '१२.' एवढे झाल्याबरोबर आज्ञावलीने ते पुसून '१२' केले, तर दशांशचिन्ह कधी उमटतच नाही आणि लिहिणारा कळफलकाला दोष देतो. जुना आकडा खोडून चौकट क्षणभर रिकामी झाली, तर ती शून्य समजून दुसरीकडे शून्य लिहिणेही तितकेच चूक. शिवाय देवनागरी अंक. मुले ते सहज लिहितात, पण पुष्कळ आज्ञावल्यांना ते आकडे आहेत हेच कळत नाही.

मापे वाढवली की क्षेत्राचा चल वेगळा ठेवण्याचा फायदा उघड होतो. एकर, गुंठे, हेक्टर, आर आणि चौरस फूट अशा पाच चौकटी थेट एकमेकींना जोडायच्या, तर प्रत्येकीकडून बाकी चौघींकडे असे २० नियम लागतात. मध्ये क्षेत्र ठेवले तर जाण्याचे ५ आणि येण्याचे ५, असे दहाच.

यापुढचा प्रश्न वरच्या वर्गासाठी. कारंजा किंवा वाशीमच्या बाजार समितीच्या आवारातला सोयाबीनचा हिशेब घ्या: वजन, दर आणि रक्कम. तीन पट्ट्या करा. वजन किंवा दर हलवला तर रक्कम हलेल, हे सरळ आहे. पण रक्कम हलवली तर काय हलावे, वजन की दर? गुणाकाराच्या सूत्रात याचे उत्तर नाही. दोन्ही बरोबर आहेत, अर्धेअर्धे हलले तरी सूत्र मोडत नाही. आम्ही हा प्रश्न मुलांना विचारला तेव्हा एका मुलाने तिसरी पट्टीच काढून टाकली आणि तिथे नुसता आकडा ठेवला. वजन काट्यावर ठरते, दर लिलावात ठरतो, रक्कम फक्त वाचायची असते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने मात्र रकमेची पट्टी ठेवली आणि दराची काढली. तिला एवढे पैसे उभे करायला आजच्या दराने किती पोती विकावी लागतील, ते पाहायचे होते.